सेन्सरची तार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

शिरूर-चौफुला रस्त्यावर माझं गॅरेज आहे. आयुष्य ग्रीस-ऑइलमध्ये गेलं, पण ऑक्सिजन सेन्सरपुढे मी अजून थक्क होतो. सायलेन्सरच्या पाइपात बसलेली अंगठ्याएवढी वस्तू! आगीत, धुरात बसून ती हुंगते — पेट्रोल जास्त झालं की कमी — आणि एका तारेतून इंजिनाला कळवते. स्कॅनरवर तिची रेष सारखी वर-खाली होते, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखी. पाहिलीय कधी? हात आपोआप जोडले जातात.

राहू गावच्या आप्पांची गाडी आली, तेव्हा ती रेष तळाशी निपचित पडली होती आणि गाडी भसाभस पेट्रोल पीत होती. आप्पांची सून अश्विनी तिच्यातून रोज रांजणगावला कंपनीत जायची. त्या घरात स्टिअरिंग धरणारी पहिली बाई. मी गाडीखाली शिरून सेन्सरची तार हलवली — आणि रेष उसळली! श्वास सुरू झाला. अंगावर काटा आला माझ्या.

आणि तिथंच दिसली बाइंडिंग वायर. मागच्या वेळी क्लिप सापडेना, म्हणून या वायरनं सेन्सरची तार मीच आवळली होती. आपल्याकडे काय, सगळं बाइंडिंग वायरवरच चालतं. वायरनं तारेवरचं प्लॅस्टिक कापलं, आतलं तांबं गाडीच्या बॉडीला टेकलं. सेन्सर बिचारा सांगत होता, पण निरोप पोचतच नव्हता. इंजिन आपलं पेट्रोल ओतत राहिलं.

मी तार नीट केली. आप्पांनी विचारलं, "काय झालं व्हतं रं?"

काय अवघड होतं? चूक माझी — एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणालो, "काय न्हाई आप्पा. वहिनी क्लचवर पाय ठिवून चालवत्यात, म्हून पेट्रोल खातीया."

आप्पांनी किल्ली कनवटीला लावली. आणि गाडी सुधारलीच ना — दुरुस्त केली होती मी! "सून बसंना, तवा बघा कसं ॲव्हरेज देतीया," ते गावभर सांगू लागले. माझ्या खोट्याला माझ्याच कामानं साक्ष दिली. लाज वाटली.

अश्विनी कंपनीच्या बसनं जाऊ लागली. एकदा गॅरेजवर आली. मला वाटलं, भांडायला. तर म्हणाली, "दादा, माझंच चुकत व्हतं. पाय कसा ठिवायचा, एकदा दाखवता का?"

मी तिला एका उभ्या गाडीत बसवलं. तिचा पाय अगदी बरोबर पडत होता.

"जरा वर घ्या," मी म्हणालो.