खाटेवरून दिसणारा कोपरा

वाशीच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारी ती बाई चित्र काढताना चित्रातल्या भिंतींशी बोलायची. "ये, अजून खाली ये," म्हणत माउसने रेघ ओढायची. तेव्हा कॉम्प्युटरचं नवल होतं. शाळेच्या कार्यक्रमांच्या पत्रिका छापायला मी नेहमी तिच्याकडे जायचो.

आई गेल्यावर वडील साताऱ्याकडे गावी एकटेच राहत होते. "तुझ्या खुराड्यात जीव गुदमरेल माझा," म्हणून आमच्याकडे यायला तयार नव्हते. माझ्याकडून हे ऐकून तिने त्यांची खाट जिथे टाकणार होतो, त्या कोपऱ्याची मापं मागितली. स्क्रीनवर दोन भिंती उभ्या केल्या, फरशीच्या रेघा दूर एका ठिपक्याकडे नेल्या आणि एकदम सगळं पुसून टाकलं.

"हा उभ्या मानसाचा कोपरा झाला. बाबा झोपून बघनार ना?"

नव्या चित्रात खाटेवर पडल्यापडल्या दिसेल तशी खोली होती, समोर खिडकी.

ते तिने छापून दिलं. गावी वडिलांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला, खिडकीवर बोट ठेवलं. "उघडते का ही?"

"उघडते."

"मग माझी पिशवी भर."

ते आमच्याकडे छान रुळल्याचं मी तिला सांगितलं, तेव्हा तिने मोठा श्वास सोडला.

"लय टेन्शन होतं मला. छत मी जरा उंचच काढलं हाय."