पडदेताईंचं मशीन आणि खरखरणारा डबा

गल्लीत तिला सगळे पडदेताई म्हणत. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे, जे सरळ रेषेत शिवता येतं ते ती शिवायची. अंगावरचे कपडे घेऊन कुणी आलंच तर सांगायची, "माणसाचं माप मला जमत नाही, माणूस हलतो. खिडकी हलत नाही."

पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आणि चार हातांवर सासूबाईंची खुर्ची. सासूबाईंनी उभा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात काढलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर जवळजवळ गेली आणि घरात त्यांची चिडचिड मावेना. तेव्हा पडदेताईच्या नवऱ्याने कपाटावरचा जुना स्पीकरचा डबा काढला, त्याच्या डोक्यावरच्या खाचेत आपला जुना फोन बसवला आणि वाचून दाखवलेली पुस्तकं लावून दिली. डब्याचा आवाज दणदणीत. मशीन चालू असलं तरी शब्द न् शब्द कळायचा. पुस्तकाच्या वाटेला कधी न गेलेली पडदेताईही ऐकता ऐकता त्यात गुंतली. एरवी त्या दोघींचं मिठावरूनसुद्धा वाजायचं, पण गोष्टीतला खुनी कोण यावर जेवताना तास तास चर्चा चाले.

मग तो जुना फोन कायमचा बंद पडला. नव्या फोनचं तोंडच वेगळं, खाचेत बसेना. डबा धडधाकट, पण मुका.

"नवीन स्पीकर आणू," नवरा म्हणाला.

"चांगली वस्तू टाकायची कशाला? ब्लूटूथचा बोर्ड मिळतो तळहाताएवढा. आत बसवला की झालं."

"कोण बसवणार?"

"मी. मशीन उघडते तसा डबा उघडेन."

तिथेच गाडं अडलं. डब्याला कुठे स्क्रूच दिसेना. अर्धा दिवस शोधल्यावर ते खालच्या रबरी पायांखाली सापडले. ते काढले तरी झाकण हलेना, कारण कडा डिंकाने चिकटवलेल्या. स्वयंपाकघरातली सुरी घालून उचकटताना पुढचं जाळीचं कापड टर्रकन फाटलं. पडदेताईने कपाळावर हात मारला. कापडाचं काय, ते शिवता येईल. पण आत पाहते तो दोन मोठे स्पीकर, दोन बारीक आणि तारांचं जंजाळ. मागवलेल्या बोर्डाला स्पीकर जोडायच्या जागा मात्र दोनच जोड्या.

बोर्ड कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या काकांकडे नेला. काका आता फोनची कव्हरं विकत, पण हात जुनाच होता. त्यांनी प्रत्येक मोठ्या स्पीकरला एक बारीक जोडायला सांगितला, बारक्यांसाठी जाड आवाज अडवणारे दोन कंडेन्सर दिले आणि तारांना कथलाचा डाग कसा द्यायचा तेही दाखवलं. "फक्त लाल-काळी बघून जोड," ते म्हणाले.

तिने बघूनच जोडली. पण डब्याच्या जुन्या अ‍ॅडॅप्टरची वायर कापल्यावर आतल्या दोन्ही तारा काळ्याच निघाल्या. तिने अंदाज केला. अंदाज चुकला. चट् असा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास पसरला.

"काय जाळलंस गं?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

"नशीब," पडदेताई म्हणाली.

दुसरा बोर्ड यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस सासूबाई फोन कानाला लावून बसत आणि दर पाच मिनिटांनी म्हणत, "थांबव गं ते मशीन, ऐकू येत नाही." काम थांबवून कसं चालेल? एका सभागृहाचे चौदा पडदे शिवायचे होते. नवरा संध्याकाळी येऊन विचारायचा, "झाला का डबा?" तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दुसरा बोर्ड तिने काकांसमोर बसून जोडला. डबा चालू करताच एक परकी बाई आतून इंग्रजीत ‘ब्लूटूथ रेडी’ असं भसकन ओरडली, आणि सासूबाई दचकून उभ्याच राहिल्या. बोर्डातलं ते ओरडणं बंद करायची सोयच नव्हती. पण मग पुस्तक लागलं. आवाज पूर्वीसारखा भरदार नव्हता, तरी स्वच्छ होता. पडदेताईने समाधानाने कापड सुईखाली सरकवलं आणि मशीनचं पेडल दाबलं.

खर्रर्रर्र!

पाय उचलला, खरखर बंद. दाबला, खर्रर्र. गोष्टीतला पोलीस बोटाने एकाकडे दाखवत होता, पण कुणाकडे ते खरखरीत बुडालं.

"नाव काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत! हा मेला डबा बोलू देईल तर ना!"

तिने डब्याचा प्लग दुसऱ्या भिंतीला लावला. बोर्डाभोवती चांदीचा कागद गुंडाळला. स्कूटरची जुनी बॅटरी जोडून पाहिली, तेव्हा खरखर निम्मी झाली, पण बॅटरी दोन दिवसांत उतरली. तिने पुन्हा सगळं उघडलं आणि एक-एक तार तपासली. दहा दिवस त्या बोर्डाला शिव्या घातल्या. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "नको गं आता. माझ्यासाठी जीव काढू नकोस."

ते ऐकून तिला रडूच फुटलं. "तुमच्यासाठी नाही आई, मलाही ऐकायचंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. ऐकलं, आणि डब्याकडे न बघता मशीनच्या मोटारीपाशी वाकले. "दाब पेडल." मोटारीच्या फटींतून निळ्या ठिणग्या उडत होत्या. "कार्बनचे ब्रश झिजलेत गं हिचे, ह्या ठिणग्यांचीच खरखर डब्यात शिरते. चोर इथे आहे, आणि तू संन्याशाला फाशी देत बसलीस."

पडदेताई मटकन स्टुलावर बसली. दिवसाचे आठ तास ज्या मशीनवर ती बसायची, ज्याच्या तेलपाण्याची तिला एवढी घमेंड होती, त्याच्याकडेच तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

कार्बन बदलले. खरखर गेली, सगळी नाही. जाड कापड आलं की डबा अजून घुणघुणतो, आणि चालू करताना ती परकी बाई ओरडतेच. सासूबाई आता आधीच कानांवर हात ठेवतात. आवाजही पूर्वीचा नाही, हे पडदेताईला पदोपदी जाणवतं, आणि डबा उचलून गच्चीवरून फेकावासा वाटतो. मग सासूबाई म्हणतात, "लाव गं पुढचं," आणि ती चरफडत लावते.

फाटलेल्या जाळीच्या जागी तिने सभागृहाच्या पडद्यातला उरलेला निळा तुकडा शिवून बसवलाय. तेवढं काम अगदी बेतशीर झालंय.