आरसे झाकणाऱ्या अक्का

"हात खाली!"

अक्कांचं पहिलं वाक्य हे. नमस्कार, कसं काय, वगैरे नंतर. समोरच्या माणसाचं बोट गालाकडे गेलं की त्या ओरडायच्या. मग तो गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर रस्त्यानं चाललेला कुणी पावणा. एकदा माझ्या स्टुडिओत एक नवरदेव हनुवटीखाली मूठ ठेवून, मोठ्या विचारात पडल्यासारखा चेहरा करून फोटोला बसला होता. दारावरून जाता जाता अक्का ओरडल्या, "हात खाली!" तो बिचारा असा दचकला की पुढच्या सगळ्या फोटोंत शाळेच्या कवायतीला उभा असल्यासारखा आला.

मंगळवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ आणि त्याला लागून अक्कांचं ब्युटी पार्लर. मधे एकच भिंत. त्या मूळच्या निपाणीकडच्या, बोलण्यात कानडी हेल, म्हणून सगळी पेठ त्यांना अक्का म्हणायची. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. पार्लरवालीचा चेहरा कसा असावा याची तुमची-माझी एक समजूत असते. अक्कांच्या दोन्ही गालांवर खड्डे होते, जुने आणि खोल. त्यांवर त्या पावडरसुद्धा लावायच्या नाहीत.

त्यांचा धंदा मला तेव्हाही कळला नाही आणि आजही नीट कळलेला नाही. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं, हा कुठला धंदा? एक आई सहावीतल्या पोरीला ब्लीच करायला घेऊन आली होती.

"उद्या लगीन हाय काय हिचं?" अक्कांनी विचारलं.

"न्हाय वो, वाढदिवस हाय."

"मग केक आणा की!"

ती बाई तणतणत गेली. पोरगी मात्र मागं वळून वळून बघत होती.

हे सगळं मी भिंतीच्या अलीकडून मजेत ऐकायचो. मग माझी मुलगी तेजू सातवीत गेली आणि माझी मजा संपली. कालपरवापर्यंत स्टुडिओत माझ्या मागं मागं फिरणारी पोर. अचानक कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पुटकुळ्या उठल्या. सकाळी धुतलेले केस संध्याकाळी तेलकट व्हायला लागले. ओठांवर बारीक लव दिसायला लागली. घरातसुद्धा ती तोंडाला स्कार्फ बांधून बसायची. तिची आई नर्स, नोकरी गगनबावड्याला, घरी यायची ती पंधरा दिवसांतून एकदा. फोनवर ती म्हणायची, "वय आहे, होतं असं. तू घाबरू नकोस." मी घाबरलो नव्हतो, मला फक्त ओ की ठो कळत नव्हतं. मेडिकलमध्ये गेलो. दुकानदारानं विचारलं, "स्किन ऑयली आहे की ड्राय?" मी म्हणालो, "मुलीची आहे." त्यानं तीन ट्यूबा दिल्या. तेजूनं तिन्ही एकाच दिवशी चोळल्या आणि वर मोबाइलवर बघून लिंबू आणि टूथपेस्टही लावली. दुसऱ्या दिवशी तोंडाची सालं निघायला लागली.

त्याच आठवड्यात शाळेनं ओळखपत्रासाठी फोटो मागितले. मी तिचा फोटो काढला आणि संगणकावर बसलो. आता माझं काम तुम्हाला माहीत आहे. कुणाचा मस, कुणाचा डाग, कुणाच्या डोळ्यांखालचं काळं, मी न विचारता पुसतो आणि लोक खूश होऊन जातात. तेजूच्या सगळ्या पुटकुळ्या पुसल्या, ओठांवरची लवही पुसली. आठ प्रती काढल्या आणि खाऊ आणल्यासारख्या तिच्या हातात दिल्या.

तिनं बराच वेळ फोटो बघितला. मग विचारलं, "पप्पा, ही कोण?"

"तूच की."

"म्हणजे तुमाला पण मी अशी नको हाय."

ती न्हाणीघरात गेली आणि तिनं कडी लावली. टाचा घासायची वजरी असते ना आपल्याकडे, खरबरीत दगडाची, त्या दगडानं तिनं तोंड घासलं. बाहेर आली तेव्हा दोन्ही गालांतून रक्त येत होतं. मी धावलो, तर ती भिंतीला चिकटून म्हणाली, "हात लावू नका मला." त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी हो-नाही पलीकडे बोलली नाही आणि मी जवळ गेलो की उठून जायची. माझं काय चुकलं ते मला अर्धंच कळत होतं, आणि पोर हातातून जातेय एवढं मात्र पुरतं कळत होतं.

न्हाणीघरातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशीच मी पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून अक्कांच्या दारात उभा राहिलो. सगळं सांगितलं. अक्कांनी कपाळाला हात मारला.

"फोटोतलं पुसलासा व्हय! आन् तोंडावरचं कोण पुसणार हुतं, भाऊ?"

मी तो फोटो खिशातून काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलाही नाही.

"सोमवारी लावून द्या तिला. तुमी यायचं न्हाय."

सोमवारी आमची ओळ बंद असते. त्या दिवशी अक्का शटर अर्धंच वर करायच्या, वयात येणाऱ्या पेठेतल्या पोरींना वाकून आत जाता येईल एवढं. आयांना प्रवेश नाही, मग बापाचं काय घेऊन बसलात. तेजू स्कार्फ बांधून गेली. मी काहीतरी पडल्याचं निमित्त करून वाकलो आणि आत बघितलं. सगळे आरसे टॉवेल टाकून झाकलेले. मला वाटलं, रंगकाम काढलंय. तसं विचारलंही.

"रंगकाम तुमी करता," आतून अक्का गरजल्या. "आरशात बगून बगूनच पोरी हितवर आल्यात. तासभर नको त्यांना." आणि शटर आणखी खाली आलं.

तेजू घरी आली ती ओल्या केसांनी. बाकी चेहरा होता तसाच.

"काय केलं अक्कांनी?"

"काही नाही. तोंड धुवायला शिकवलं."

तेरा वर्षांच्या मुलीला तोंड धुता येत नाही? मी अक्कांकडे गेलो, तर त्यांनी मलाच फैलावर घेतलं. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, सकाळ-संध्याकाळ, बोटांच्या पेरांनी, घासायचं नाही. पुसायचंही नाही, मऊ कापडानं टिपायचं. केसांचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही, केस चिकट झाले की सरळ धुवायचे. उशीचा अभ्रा वरचेवर बदलायचा. तिन्ही ट्यूबा बंद. ओठांवरची लव असू दे, ती कुणाचं काही खात नाही. आणि जबड्यापाशी ज्या दोन दुखऱ्या गाठी होत्या, त्यांच्याबद्दल म्हणाल्या, "हे माझं काम न्हाय. कातडीच्या डॉक्टरला दावा. उशीर करू नगा." डॉक्टरांनी एक मलम दिलं आणि बाकी अक्कांचंच सगळं पुन्हा सांगितलं. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, किती दिवसांत जाईल? डॉक्टर म्हणाले, काही महिने धीर धरा. अक्का म्हणाल्या, "परीक्षा हाय व्हय, तारीख सांगाय?"

एकदा धीर करून मी त्यांना त्यांच्या गालांबद्दल विचारलं. त्या टॉवेलच्या घड्या घालत होत्या. थांबल्या नाहीत.

"पंधराची हुतो. लई पुटकुळ्या. पावणं बघाय येणार हुतं, म्हणून आमच्या आत्तीनं जोंधळ्याचं पीठ आन् चुना लावून दगडानं घासलं."

"आणि आई?"

"आई पाणी ओतत हुती."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग लग्न जमलं?"

"जमलं की. तेंनी तोंड कुटं बघितलं? जमीन बघितली." आणि त्या खदखदून हसल्या. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी ती वजरी उकिरड्यावर टाकली.

तेजू सोमवारी जात राहिली. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज यायचा, पोरींचं खिदळणं यायचं. माझ्याशी मात्र तिचं हो-नाहीच चालू होतं. मी अक्कांना म्हणालो, एवढं करतोय, तरी पोर जवळ येत नाही. अक्का म्हणाल्या, "तुमी तिच्याशी बोलता तवा कुटं बगता? कपाळाकडं. नवी उठली का, जुनी गेली का. पोरीला कळतंय की ते." हे खरं होतं. माझे डोळेच तसे झालेत, माणूस दिसायच्या आधी डाग दिसतो. मला अक्कांचा राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्या रात्री जेवताना मी निश्चयानं तिच्या डोळ्यांकडे बघत राहिलो, तर ती म्हणाली, "काय झालंय तुमाला?"

मग या उन्हाळ्यात अक्का गेल्या. गेल्या म्हणजे गावाला, लेकीकडे, कायमच्या. गुडघे उभं राहू देत नव्हते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, मलाही नाही. एका शनिवारी टेम्पोत खुर्च्या चढल्या. सोमवारी तेजू नेहमीप्रमाणे गेली आणि दोन मिनिटांत परत आली. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी स्टुडिओत एकटाच होतो. तेजू मागच्या आमच्या घरातून आली. नुकतीच न्हालेली, केसांचा हा एवढा गुंता, हातात मोठ्या दातांची फणी. चेहऱ्यावर अजून पुटकुळ्या होत्या, थोड्या कमी असतील, मला नक्की सांगता येणार नाही. स्कार्फ नव्हता. ती माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली आणि खांद्यावरून फणी मागं धरली.

"अक्का सोडवून देत होत्या," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही."

मी फणी घेतली. इतक्या महिन्यांनी पोर हाताच्या अंतरावर बसली होती. वेण्या घालणं हे तिच्या आईचं काम, मी आयुष्यात कधी कुणाचे केस विंचरले नव्हते. कुठून सुरू करायचं तेच कळेना. शेवटी फणी डोक्याच्या मध्यावर टेकवली आणि ओढली.

"आई गं! वरनं नाही, पप्पा," ती ओरडली. पण उठली नाही. "खालनं. आधी टोकं धरा."

मी टोकं धरली.