सगळे भाग सत्तेचाळीसचे

लाकडी कॅमेरा समोर आला की गोवर्धनकाका आधी त्याचा वास घेत. मग बोटातली अंगठी काढून गल्ल्यात टाकत, पितळेवर ओरखडा नको म्हणून. भिंगाकडे शेवटपर्यंत बघत नसत. "भिंग म्हणजे जावई," ते म्हणत, "कुठूनही येतो. घराण्याची चौकशी करायची तर पेटीची करा." काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बशीत मांडत. आधारकार्डाच्या फोटोला बसलेल्या माणसाला फोटो काढून झाल्यावरही "हनुवटी खाली" म्हणत राहत. चहा अर्धा पीत, अर्धा विसरत. आणि हातात कॅमेरा असला की मोठ्याने बोलत. कोणाशी नाही, स्वतःशीच. त्यांची बायको आशालता आतून सवयीने हुंकार देई.

ही शेवटची सवय त्यांना नडली.

जव्हारला एसटी स्टँडच्या वरच्या अंगाला त्यांचं फोटोचं छोटं दुकान होतं. पोट भरायचं ते पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनवर. पण जुन्या लाकडी कॅमेऱ्यांचं वय सांगणारा माणूस म्हणून त्यांचं नाव नाशिक-मुंबईपर्यंत गेलं होतं. लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारत, काका, कोणत्या सालचा? काका उत्तर देत नसत. पेटी हातात आल्याशिवाय साल सांगायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

त्या दिवशी सूर्यमाळच्या पाड्यावरची तानी आली. आदिवासी प्रकल्प कार्यालयात मुलीच्या वसतिगृहाचं काम होतं, म्हणून ती जव्हारला उतरली होती. तिने चादरीचं गाठोडं काउंटरवर सोडलं. आत सागवानी कॅमेरा होता. भाता, म्हणजे पुढेमागे सरकणारी काळी घडी, उंदराने कुरतडलेला.

"सासऱ्याचा हाय," तानी म्हणाली. "बारक्या नाव त्याचा. नीट व्हईल का, बघा."

काउंटरला कमलेश उभा होता. त्याच्या आजोबांचा जव्हारात एके काळी स्टुडिओ होता. कमलेश नवं होमस्टे काढत होता आणि आजोबांनी काढलेले जुने फोटो मोठे करून भिंतींवर लावणार होता. ते न्यायला तो आला होता.

काकांनी कॅमेऱ्याचा वास घेतला. अंगठी काढली. मागची चौकट सोडवली, पुढची सोडवली, तळाचा पाट उलटा केला. आणि नेहमीसारखे मोठ्याने बोलू लागले.

"मागची चौकट, सत्तेचाळीस. पुढची, सत्तेचाळीस. पाट, सत्तेचाळीस. वा! सगळे भाग सत्तेचाळीसचे आहेत गं. काहीच बदललेलं नाही."

"हं," आतून आशालता.

काकांच्या धंद्यात या बोलण्याला एकच अर्थ होता. हे कॅमेरे हाताने बनत. एकाची चौकट दुसऱ्याला बसत नसे. कारखान्यात भागांची अदलाबदल होऊ नये म्हणून एका कॅमेऱ्याच्या सगळ्या भागांवर एकच आकडा ठोकत. काका त्याला जोडाचा आकडा म्हणत. सत्तेचाळीसचे भाग म्हणजे सत्तेचाळीस नंबरच्या जोडाचे भाग. सालाशी त्याचा काही संबंध नव्हता.

कमलेशच्या घरात मात्र सत्तेचाळीस म्हटलं की एकच गोष्ट निघे. आजोबांनी सत्तेचाळीस साली मागवलेला विलायती कॅमेरा. त्यांच्याकडे होता तो एकच. पुढे बऱ्याच वर्षांनी मोखाड्याच्या बाजूला फोटो काढायला गेले असता तो नाहीसा झाला. त्या दिवशी तो डोक्यावर घेऊन चालणाऱ्या हमालाचं नाव बारक्या होतं.

कमलेशने मोबाइलवर कॅमेऱ्याचा फोटो घेतला. आपले मोठे केलेले फोटो न घेताच तो निघून गेला. काकांनी मान वर केली तेव्हा काउंटरला एकटी तानी होती.

"भात्याला कातडं आणावं लागेल," ते तानीला म्हणाले. "कॅमेरा घेऊन जा. कातडं आलं की फोन करतो."

फोन करायच्या आधीच तानी परत आली. या वेळी हातात गाठोडं नव्हतं.

"काका, तुमी काय बोललात ओ?"

"कशाबद्दल?"

"माझे सासऱ्याला चोर बोलतात. मोखाड्याच्या बाजारात पोरा बोलली, ए बारक्या, आमचा पन फोटू काढ की चोरीचे डब्यात. म्हातारा घराभायर येत नाय. भाकर पन खात नाय. तो कमलेश सांगून गेला, सोमवारी पोलीस घेऊन येतो. त्याला इचारला, कोन बोलला हा तुझा? तर तो बोलला, गोवर्धनकाका. सत्तेचाळीसचा हाय बोलले."

काका स्टुलावर बसले. मग त्यांना ते वाक्य आठवलं. आपल्याच तोंडचं, परक्या माणसाने ऐकावं तसं त्यांनी ते पुन्हा मनात म्हणून पाहिलं. सगळे भाग सत्तेचाळीसचे आहेत गं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्या वाक्याने एक म्हातारा चोर झाला होता.

ते उठले तसेच कमलेशकडे गेले. कमलेश शिडीवर होता, भिंतीत खिळा ठोकत.

"अरे, ते साल नव्हतं. जोडाचा आकडा होता तो."

"आता बदलू नका, काका." कमलेशने खाली पाहिलंही नाही. "मी तिथंच होतो. ती बाई रडत आली असेल तुमच्याकडे."

"आली होती."

"मग? आजी मरेपर्यंत त्या कॅमेऱ्याचं नाव काढायची. तुम्हाला दया येते म्हणून साल बदलतं का?"

आकडा साल नव्हता हे काकांना ठाऊक होतं, पण साल कोणतं हे कुठे ठाऊक होतं? बाहेरून पाहिलं तर पेटी चाळीस सालची असू शकत होती, सत्तरचीही. लाकडी कॅमेऱ्यांची घडण त्या काळात फारशी बदललीच नव्हती. पुऱ्या खात्रीने सांगायचं तर तळाची पितळी पट्टी काढून खालचं कोरं लाकूड बघायला हवं होतं.

"सोमवारी पोलीस नको नेऊस," ते म्हणाले. "मला ने. तुझ्यासमोर उघडतो, त्यांच्यासमोर उघडतो. जे निघेल ते निघेल."

कमलेश शिडीवरून उतरला. "शब्द?"

"शब्द."

घरी आशालताने ऐकून घेतलं. "आणि निघाला सत्तेचाळीस सालचाच तर?"

"तर तसं सांगावं लागेल."

"त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर?"

काकांनी चहाचा कप उचलला आणि तसाच ठेवला.

सोमवारी कमलेशच्या जीपमध्ये दोघं मोखाड्यावरून सूर्यमाळला चढले. पाड्यावर पाण्याचा टँकर आला होता, त्यामुळे बायका हंडे घेऊन तिकडे होत्या. तानी तेवढी अंगणात होती. बारक्या कुडाच्या भिंतीला टेकून बसला होता. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं नाही.

कॅमेरा घोंगडीवर ठेवला. काकांनी तो उलटा केला. पितळी पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली होती, आणि चारही स्क्रूंच्या खाचा लाल दगडासारख्या कशाने तरी बुजल्या होत्या.

"हे काय भरलंय?"

"कुकू," तानी म्हणाली. "सासू होती तवर दर दसऱ्याला लावायची. हळद, कुकू, तेल. हत्यारासंगं याची पन पूजा."

काका कमलेशकडे वळले. "बघून घे. पूजेचा थर आहे, वर्षांनुवर्षांचा. म्हणजे ही पट्टी मधल्या काळात कोणी काढलेली नाही. आत जे असेल ते पहिल्यापासूनचं."

"बघितलं. उघडा."

"बाबा, कुंकू खरवडू का?" काकांनी बारक्याला विचारलं.

"खरवड," बारक्या म्हणाला. "चोराला काय इचारतोस?"

काकांनी टाचणीने खाचा मोकळ्या केल्या. पहिला स्क्रू फिरला. दुसरा फिरला. तिसऱ्याला डिसमिस सटकलं आणि पितळेवर लांब ओरखडा उठला. तानी जवळ येऊन उभी राहिली होती, हात पदरात गुंडाळून. चौथा स्क्रू निघाला. पट्टी निघेना. काकांनी नखाने तिची कड उचलली.

खाली पॉलिश न लागलेलं लाकूड होतं. त्यावर सुताराच्या पेन्सिलीची देवनागरी अक्षरं. काकांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि पेटी कमलेशसमोर धरली. पहिल्यांदाच ते हातात कॅमेरा असून गप्प होते.

कमलेशने मोठ्याने वाचलं. "सोळा पूर्णांक पाच गुणिले बारा. सेंमी." त्याने वर पाहिलं. "म्हणजे?"

"सेंटीमीटर. अरे, आपला सुतार आजही इंच आणि सुतात बोलतो. सत्तेचाळीस साली कोण सेंटीमीटर लिहील? मीटरचा कायदाच मागून आला. हा साठनंतर इकडेच, आपल्या माणसाने बनवलाय. तुझ्या आजोबांचा विलायती होता."

कमलेशने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मग आजोबांचा कुठे गेला?"

"घाटात," बारक्या म्हणाला. आता त्याने तोंड त्यांच्याकडे वळवलं होतं. "दरीत गेला. मी पन संगं गेलो. पाय मोडला माझा. मी वर येऊन सांगला, कॅमेरा पडला. तुझे आजानं पायाकडं बघितला नाय. हा डबा मागून मिलाला. नाशिककडचा एक फोटोवाला माझे घरी ऱ्हायचा, तो इथंच तापानं मेला. त्याचा कोन आलाच नाय न्यायला."

कमलेश उकिडवा बसला. "बाबा, चुकलं माझं. मी बाजारात जाऊन सांगतो सगळ्यांना."

"तू सांगशील तं लोक बोलतील, मिटवला काय तरी देऊन घेऊन."

तानीने पाणी आणलं. काकांनी तांब्या हातात धरून ठेवला, आणि मग बोलायला लागले. बाजाराच्या दिवशी हाच कॅमेरा मोखाड्यात, भर बाजारात उभा करायचा. बारक्याबाबांनी कॅमेऱ्याजवळ उभं राहून आधी लोकांना तो दाखवायचा. कमलेशने स्वतः खुर्ची आणायची आणि बाबांना हाताला धरून बसवायचं. काका फोटो काढतील, त्याच कॅमेऱ्याने.

"चोर काय चोरीचा डबा घेऊन बाजारात फोटू काढतो?" बारक्या म्हणाला.

"तेच तर."

म्हातारा हसला. दात फारसे नव्हते. "तानी, भाकर आन गं."

कॅमेरा काकांनी जव्हारला आणला. भाता शिवून झाला. मागची काच मात्र नव्हतीच. तिच्यावर चित्र उमटतं, ते बघून फोटो नीट धरता येतो. तिला दुधी काच म्हणतात. तशी ती विकत मिळत नाही. साध्या काचेवर बारीक पावडर आणि पाणी टाकायचं, दुसऱ्या काचेने गोल गोल घासत राहायचं. हळूहळू काच दुधासारखी होते.

बाजाराच्या आदल्या दुपारी काका ती घासत होते. आशालता आत भांडी लावत होती. काच घासल्याचा आवाज येत होता, मग थांबला. चहा विसरले असतील, असं तिला वाटलं. बाहेर आली तेव्हा काका काउंटरवर डोकं टेकून होते.

दुसऱ्या दिवशी बारक्या धुतलेला सदरा घालून तानीबरोबर मोखाड्याला आला. दोघं बाजाराच्या तोंडाशी उभे राहिले. कमलेश आला. त्याने खुर्ची आणली नव्हती. काका गेले, त्याने सांगितलं. मिरच्या विकणारी एक बाई विचारत होती, काय झालं ओ, काय झालं. शेजारी कोणीतरी म्हणालं, तो फोटोच्या डब्याचा चोर, त्याचं काहीतरी.

काच दुकानात काउंटरवरच आहे. डावीकडून अर्ध्यापर्यंत ती दुधी झाली आहे. उरलेल्या अर्ध्यातून अजून आरपार दिसतं.