दिल्लीचा काटा आणि आमचे नारळ

दिल्लीला एक संस्था होती. ती स्वतः एकही बाळंतपण करीत नसे. गावोगावच्या म्युनिसिपालिट्यांनी चालवलेल्या प्रसूतिगृहांची आणि बाळतपासणीच्या केंद्रांची पाठराखण करायची, हे तिचं काम. सामान धाडायचं, पाहणीला बाई पाठवायची, आमची गाऱ्हाणी सरकारच्या कानावर घालायची आणि वर्षातून एकदा देशभरच्या नर्सबायांना बोलावून एकीची युक्ती दुसरीला शिकवायची. रत्नागिरीच्या केंद्रात आम्ही दोघी होतो, आणि बोलावणं एकीलाच येणार होतं. मला जायचं होतं. इतकं, की ते कुणाला बोलून दाखवायचीही चोरी वाटे.

दुसरी मालगुंडची. माझ्याहून थोडीच लहान, पण मुंबईला शिकून आलेली. इंग्रजी फाडफाड बोलायची. मी इथल्याच सरकारी दवाखान्यात शिकले, माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांपुरतं. ती काही बोलली की केंद्राचे डॉक्टर हसत, मी बोलले की घड्याळाकडे बघत. तिच्या पांढऱ्या पातळाला कधी डाग पडत नसे, याचासुद्धा मला राग यायचा.

त्या वर्षी संस्थेनं बाळं जोखायला एक काटा पाठवला. बोटीतून पडावात आणि पडावातून धक्क्यावर असा तो गोणपाटात गुंडाळून आला. चकचकीत, आकडे कोरलेला. पण त्यात पोर घालायला एक आई तयार होईना. जोखलं की दृष्ट लागते, पोर वाढत नाही. एक भंडारीण तर माझ्या अंगावरच आली, "बाय, पोराला जोखायचा? तो काय बाजारातला म्हावरा हाय?"

मालगुंडच्या बाईंनी त्यांना आरोग्यावर व्याख्यान दिलं. बायका ऐकून घेऊन घरी गेल्या.

युक्ती मला सुचली, हे मी आजही ठासून सांगते. मी वाण्याकडून दोन पारड्यांचा तराजू आणला, आढ्याला टांगला आणि त्या भंडारणीला म्हटलं, "नवसाची तुला करतेस ना देवळात? तशीच करू. घरचे नारळ घेऊन ये." देवाची तुला म्हटल्यावर कसली दृष्ट! एका पारड्यात पोर, दुसऱ्यात नारळ, उणं पडेल ते सुपाऱ्यांनी भरायचं. मग ते नारळ-सुपाऱ्या दिल्लीच्या काट्यावर घालून पोराचं वजन मांडायचं आणि आईनं नारळ देवाला न्यायचे. दिल्लीच्या काट्यानं आमच्याकडे एकही बाळ जोखलं नाही, जोखले ते नारळ. आठवड्यात ओटीवर बायकांची रीघ लागली.

आता बोलावणं मलाच, अशी माझी खात्री होती. मी लोकरीची शाल उन्हात घातली. दिल्लीत थंडी असते म्हणतात.

म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी तिचं नाव कळवलं. "तिथं सगळं इंग्रजीत चालतं हो," एवढंच मला म्हणाले. वर दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. "ताई, तुमची शाल न्यायची का मी?"

दिली. नाही कशी म्हणणार? घडी मी तीनदा मोडली आणि तीनदा घातली, आणि तिला वाटलं, मी फार नीटनेटकी आहे.

महिन्यानं शाल परत आली. तिला आगगाडीच्या कोळशाचा वास येत होता. मी तोवर आगगाडी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती. दोनदा धुतली तरी वास जाईना. तिनं तिथं नारळाची तुला सांगितली, टाळ्या पडल्या, आणि आता संस्था ती देशभरच्या केंद्रांना शिकवणार, हे मला डॉक्टरांकडून कळलं. माझं नाव घेतलंन का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर रडले असते.

पुढच्या थंडीत संस्थेच्या बाई पाहणीला आल्या. शिपायासकट आम्हां सगळ्यांना रांगेत बसवून त्यांनी तराजू टांगला, एका पारड्यात कापडाची बाहुली ठेवली, दुसऱ्यात नारळ, आणि तुला कशी करायची ते मला नीट समजावून दिलं. त्यांचं इंग्रजी मालगुंडच्या बाई मराठीतून सांगत होत्या. मी मान डोलवत होते.

शेवटी दिल्लीच्या बाईंनी इकडेतिकडे पाहत काही विचारलं. हिचा चेहरा उतरला.

"काय म्हणतात?" मी म्हटलं.

"विचारतात..." तिचा आवाज खाली गेला, "ज्या म्हाताऱ्या सुईणीनं ही युक्ती काढली, ती कुठं आहे? तिला नमस्कार करायचाय."

म्हणजे हिनं दिल्लीत मला अगदीच गाळलं नव्हतं. म्हातारी सुईण केली होती. माझ्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता, आणि सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेलं होतं. बाई हात जोडायच्या तयारीत उभ्या होत्या. नुसतं बोट छातीशी नेलं असतं की झालं असतं. पण त्या नावाचा नमस्कार मला नको होता.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "ती वारली. गेल्या पावसाळ्यात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. मग तिला ते इंग्रजीत सांगावंच लागलं.