आप्पांच्या तळघराच्या खिडक्या

ग्रिलच्या दुकानात लोखंडापेक्षा किस्से जास्त साठत्यात. लोखंड निदान गंजून कमी व्हतं. किस्से दरसाल जाड व्हत्यात!

दौंडात टेशनाजवळ बबनचं ग्रिल-खिडक्यांचं दुकान. बबन वेल्डिंग करायचा. म्या टेपाचं दुसरं टोक धरायचो आन् गिऱ्हाइकाची गंमत करायचो. लोक मला नाना म्हनायचे.

सगळ्यात जास्त किस्से दिले वडगाव रासाईच्या आप्पांनी. एका तळघराच्या खिडक्यांपायी.

आप्पा म्हंजी बागायतदार, माजी सरपंच, शब्दाला पक्कं. पुण्यात पाव्हण्याचं तळघर बघून आलं आन् आपल्या बंगल्याखालीबी एक काढलं. कांदं ठिवायला. दमट हवेनं कांद्याला आसं कोंब फुटलं, की तळघराचं वावर झालं!

मग थोरली सून सुनीता, तिनं तिथं शिलाई मशिनी मांडल्या आन् गावातल्या पोरींचा क्लास काढला. जोरात चालला. पण जुन्या लाकडी खिडक्या वाळवीनं खाल्ल्या, वल धरून फुगल्या, उघडंनात. पोरी गुदमराया लागल्या. आया म्हनल्या, "सुनीताबाई, हवा-उजेड करा. न्हाई तर दिवाळीपस्नं पोरी धाडायच्या न्हाई."

क्लास बंद पडायची येळ आली, तवा आप्पा दौंडला आलं.

*

काखेत दोन काठ्या.

"बबन, ही मापं. एक उभं, एक आडवं. टेपाबिपाची गरज न्हाई."

म्या इचारलं, "आप्पा, उभी कुठली?"

आप्पांनी एकदा हिकडं बघितलं, एकदा तिकडं.

शेजारच्या बूथवरनं घरी फोन लावला. पलीकडनं आक्का, आप्पांच्या मंडळी. त्यांचा आवाज बूथाच्या भाईर आमाला ऐकू आला:

"मापाच्या काठ्या दाराआडच हायती की! तुम्ही शेरडं हाकायच्या घिऊन गेलाय!"

*

मग आमीच गेलो वडापच्या जीपनं. तळघराच्या खिडक्या म्हंजी भाईरनं बघितलं तर पार जमिनीलगत. बबन आत उतरला, म्या भाईर भिताडाकडंला पालथा पडलो, टेप धरून.

पाण्याला चाललेल्या एका बाईनं बघितलं. "आगं बाई, नाना पडलं!"

झालं! अर्धी आळी गोळा. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी नाकाला कांदा लावला. एक म्हनला, "हात बगा कसा ताठ झालाय!" आरं, हातात टेप हाय, ताठ व्हनार न्हाई तर काय!

म्या डोळं मिटूनच ऱ्हायलो. शेवटी कुणीतरी म्हनलं, "च्या टाका रं कुणी, च्या पाजा."

मंग उघडलं.

*

बबननं दोन नमुने नेले व्हते. एक सरकती काच, एक नुस्ता पत्रा. त्या भिंतीला आप्पांच्या म्हशी बांधत्यात. आप्पा म्हनलं, "खिडकीशेजारी जिला ऱ्हायाचंय, तिला आधी इचारू."

म्हशीफुडं काच धरली. म्हशीनं निवांत चाटून लख्ख केली. पत्रा धरला, तर आशी लाथ घातली की पत्र्याचं वाडगं झालं!

बबन खूश. "आप्पा, काच पास!"

"छ्या! काचंला भिऊन गप बसली बिचारी. पत्र्यासंगं बघ कशी खेळाया लागली! पत्राच घाल."

*

खरं कारन निराळं. सुनीतानं इचारलं, "मामंजी, पत्रा कशापायी?"

"काच लावली तर रस्त्यानं जानारा हरेकजन वाकून पोरींकडं बघंल."

"पत्रा लावला तर पोरीच ऱ्हानार न्हाईत. मग बघंल कुनाकडं?"

आप्पा म्हनलं, "बल्ब लाव."

"लाईट आसती कवा, मामंजी?"

आक्कांचं दुखनं अजून येगळं. त्यांचं गुडघं धरलेलं. सुनंला हाक मारायची तर त्या खिडकीशी वाकून मारायच्या. त्या म्हनल्या, "लावा की पत्रा. पन ज्यानं लावला, त्यानंच खाली जाऊन सुनंला बोलवायचं."

आप्पा म्हनलं, "जाईन!"

पत्रा लागायच्या आधीच, दुसऱ्या दिशी आक्कांना सुनंची लईच गरज लागली. मीठ कुठंय, चाळन कुठंय, मांजर कुठंय! आप्पा जिना उतरत्यात, चढत्यात. दुपारच्याला जिन्यातच बसलं.

पन पत्रा सोडला न्हाई!

*

शेवटी सुनीता म्हनली, "मामंजी, आधी पारख करू. खिडक्यांना पोती लावते. पत्रा लावल्यावानी. त्या आंधारात पोरी तुमचा सदरा शिवत्याल. नीट झाला तर पत्रा, न्हाई तर काच."

आप्पा भर ओट्यावर, चार मान्सांत म्हनलं, "शिवा! शिवायला काय उजेड लागतो? हाताला सवय आसती. कसाबी निघू द्या, त्योच घालून म्या दौंडला जाऊन पत्रा सांगून येतो!"

चार मान्सांनी ऐकलं. आप्पांचा शब्द.

खिडक्यांना पोती लागली. लाईट नेहमीसारखी गेलेली. खाली मशिनीचा आवाज आन् पोरींचं खिदळनं, दिवसभर.

दुसऱ्या दिशी सकाळी दुकानाफुडं जीप थांबली. आप्पा उतरलं. पांढराधोप नवा सदरा, वरनं उपरणं. चालनं सरपंचासारखं.

"या आप्पा. मग पत्रा कापू ना?" बबननं इचारलं.

"काच घाल," आप्पा म्हनलं. "दुधी घाल. उजेड आत, नजर भाईर. आन् दिवाळीच्या आत बसव."

"आन् पत्रा?"

"काच म्हनलो ना!"

बबननं मान हलवली. म्या च्या सांगितला. आप्पा स्टुलावर बसलं, घोटभर प्यालं, उपरणं काढून मांडीवर ठिवलं. मंग सावकाश उठलं आन् माझ्याकडं पाठ करून उभं ऱ्हायलं.

"नाना," म्हनलं, "जरा खिशातली तंबाखू काढ."