कॉमन नावाची फाईल

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नारायणगावात एका खोलीत मी आणि माझा मित्र सॉफ्टवेअर करायचो. मी लहान मुलांच्या डॉक्टरांसाठी, तो गुरांच्या डॉक्टरांसाठी. दोन्हीकडे लागणारा कोड एका सामाईक लायब्ररीत ठेवायचा, म्हणजे तेच तेच पुन्हा लिहायला नको. तिथं प्रत्येक कामाच्या नावाला नेमस्पेस जोडतात, माणसाच्या नावाला आडनाव जोडावं तसं. मित्र म्हणाला, "आधी दवाखान्याचं नाव लाव, मग कामाचं. लांबलचक झालं तरी चालंल." मी हसलो. "आपण दोघंच तर आहोत!" आणि 'कॉमन' लावून मोकळा झालो. आळसाला हुशारी म्हणायची मला खोडच होती.

पुढे घाईत त्यानंही गुरांचं औषधाचं माप 'कॉमन'मध्येच टाकलं. त्याचंही नाव 'डोस', माझंही 'डोस'. अशा वेळी नंतर आलेलं आधीच्याला पुसून टाकतं आणि कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही. ती फाईल एका सकाळी मीच मुलांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर चढवली.

दुपारी तिथल्या कंपाउंडरचा फोन आला. "राव, तुमचं मशीन येडं झालंय. नऊ किलोच्या पोराला तापाचं औषध चाळीस मिली सांगतंय!" चार हवं होतं. डॉक्टरांनी ती छापून आलेली चिठ्ठी फाडली, पण त्याआधीची एक गर्दीत नजरेतून सुटली होती.

मी धावत दवाखान्यात जाऊन तिची नोंद उघडली. मुलगी, दीड वर्षं, गाव वडगाव. आमच्याकडे वडगाव आनंद आहे, वडगाव कांदळी आहे, वडगाव सहाणी आहे, शेजारच्या आंबेगाव तालुक्यात वडगाव काशिंबेग. नुसतं वडगाव इथं कुणी सांगत नाही. मुलीच्या आईनं पुरतं सांगितलं असणार, माझ्याच प्रोग्राममधला गावाचा रकाना आखूड होता, पुढचा शब्द तुटला.

"आळेफाट्याच्या जीपमधनं उतरली व्हती," कंपाउंडर म्हणाला. फाट्याला लागून वडगाव आनंदच, तेवढ्यावर मित्रानं आणि मी तिकडची वाट धरली. औषध जेवणानंतर द्यायचं होतं आणि दीड वाजून गेला होता. मोटारसायकलवर मागे बसून माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. पोर गेली तर तिच्या आईला काय सांगणार, की दोन नावं सारखी पडली? ओझरच्या गणपतीला मी काय काय कबूल केलं, देव जाणे.

विचारत विचारत मळ्यातल्या घरी पोचलो. मुलगी पडवीत निजली होती, हलत नव्हती. मी आधी तिच्या छातीकडे बघितलं. श्वास चालू होता. मग बाटली उचलली. जवळजवळ भरलेली होती.

दवाखान्यातून आलोय म्हटल्यावर आई घाबरली. "दादा, रागावू नका. कागदावर चाळीस व्हतं, पण येवढीशी पोर, माझा हातच धजंना. मागच्या टायमाला दिलं व्हतं तेवढंच दिलं. चुकलं का माझं?"

मित्र माझ्याकडे बघत होता.

"नाय ताई, बरोबर केलंत," मी म्हणालो. चूक माझी होती हे सांगायला तोंड उघडेना. चिठ्ठी तेवढी मागितली. तिनं ती दोन्ही हातांनी परत दिली, गुन्हा माफ झाल्यासारख्या चेहऱ्यानं.